संगणक म्हातारा झालेला नाही

मिरज जंक्शनवर एके काळी तीन प्रकारचे रूळ येऊन मिळत. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे मूळच्या बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरोगेज. दोन रुळांतील अंतर अनुक्रमे १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर जाणे शक्यच नव्हते. माल एका गाडीतून उतरवायचा आणि पलीकडच्या गाडीत चढवायचा. इंजिने कितीही दमदार आणली तरी माल येथे अडायचाच. पुढे हे मार्ग रुंद झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरसाठी पाण्याने भरलेली गाडी मिरजेहून त्याच पंढरपूर-कुर्डुवाडीच्या वाटेने थेट लातूरला पोहोचली.

हे सारे आठवले ते घरोघरच्या जुन्या संगणकामुळे. बटण दाबावे, चहा करून आणावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे! मग घरात ठरते, की "हा आता म्हातारा झाला, नवा घेऊ." विद्यार्थिमित्रहो, माझे मत असे, की बहुतेक वेळा हा निर्णय चुकीचा असतो. इंजिन ठणठणीत असते, माल अडलेला असतो तो एकाच ठिकाणी, हार्ड डिस्कमध्ये.

हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी चुंबकीय तबकडी. नेहमीची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ सहस्रांश सेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ सहस्रांश सेकंद लागतात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी ८-९. एकूण झाले १२-१३. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेळाचे काय कौतुक? पण सेकंदाला ३ अब्ज ठोके देणारा प्रोसेसर तेवढ्या वेळात ३ कोटी ६० लाख ठोके नुसता वाट पाहत घालवतो! आणि माहिती एका जागी नसते. समजा, संगणक सुरू होताना ८००० ठिकाणांहून तुकडे गोळा करायचे आहेत. सेकंदाला ८० या हिशेबाने १०० सेकंद केवळ शोधण्यातच गेले.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, फिरणारे काहीच नसते. जपानचे फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश स्मृती तिच्या पोटात असते. निरोधकाच्या कोंडवाड्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे. वीज गेली तरी ते तेथेच राहतात. कोणतीही जागा गाठायला साधारण ०.१ सहस्रांश सेकंद लागतो. तेच ८००० तुकडे एका सेकंदाच्या आत हाती येतात. एसएसडीची किंमत नव्या संगणकाच्या किमतीचा लहानसा हिस्सा असते. ज्या घरात मुलांची फी आणि नवा संगणक यांतून एकच निवडायचे आहे, तेथे हा फरक फार मोठा आहे.

मात्र आधी निदान, मग शस्त्रक्रिया! दवाखान्यांच्या मिरजेत हे निराळे सांगायला नको. संगणक रेंगाळत असताना टास्क मॅनेजर उघडून पाहा. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांना टेकलेला आणि प्रोसेसरचा १०-२० वर असेल, तर दोष बहुधा डिस्ककडेच. पण स्मृती, म्हणजे रॅम, जेमतेम २ जीबी असेल, तर तीही वाढवावी लागेल. जोडणीला रुंद चपटी पट्टी असलेला, साटापूर्वीचा संगणक असेल तर मात्र माझा आग्रह नाही. त्याच्यावर पैसे घालू नयेत.

आणखी एक अडचण खरी आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एसएसडी बसवल्याने ते बदलत नाही. पण म्हणून चांगले यंत्र भंगारात घालायचे? उबुंटू किंवा डेबियन यांसारखी लिनक्स प्रणाली मोफत मिळते आणि शाळेचे बहुतेक काम तिच्यावर होते. भंगारात गेलेल्या संगणकातले तांबे काढण्यासाठी तारा जाळल्या जातात, त्याचा धूर कोणाच्या तरी छातीत जातो, हेही हिशेबात धरायला हवे.

बसवण्याचे काम पेचकसाचे आहे. पण मोठ्या माणसाला बरोबर घ्या, सर्व माहितीची प्रत आधी काढा आणि वीजजोड भिंतीतून काढल्याशिवाय पेटी उघडू नका. एसएसडीचा एक दुर्गुण सांगायलाच हवा. हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा खटखट करून सूचना देते. एसएसडी एखाद्या दिवशी मुकाट्याने बंद पडू शकते, आणि मग आतली माहिती परत मिळवणे फार कठीण. तेव्हा काढलेली हार्ड डिस्क चालू असेल तर फेकू नका. स्वस्तात मिळणाऱ्या यूएसबी डबीत ती बसवा आणि महिन्यातून एकदा घरचे फोटो व वह्या तिच्यावर उतरवून ठेवा. त्या कामाला तिचा वेग पुरेसा आहे.