कागद म्हणजे उपचार नव्हे

४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते रक्ताच्या कर्करोगावरील देशी कार-टी उपचाराचे लोकार्पण झाले. देशभरच्या विज्ञानवार्तांनी त्याची दखल घेतली, आणि ते योग्यच होते. परंतु स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचा हात पुन्हा डोक्यावर जातो की नाही, हा प्रश्न याच वार्तांना विज्ञानाचा वाटत नाही. ही विज्ञानाची समज नव्हे, झगमगाटाची ओढ आहे.

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला. काखेतील लसीकाग्रंथी काढल्यावर तेथील ऊती आकसतात. दुखेल या भीतीने हात अंगाशी धरला जातो आणि खांदा आखडतो. मग वेणी घालणे, फडताळातला डबा काढणे, बसचा दांडा धरणे अवघड होते. किरणोपचारासाठी तर हात डोक्यावर नेऊन निश्चल पडावे लागते. तो वर गेला नाही, तर पुढचा उपचारच अडतो. ‘खांद्याचे नंतर पाहू’ हे उत्तर म्हणूनच चुकीचे आहे.

यात भौतिकशास्त्रही आहे. हात आडवा पसरला असताना खांद्यावरचे गुरुत्वाकर्षणाचे आघूर्ण सर्वाधिक असते. उताणे झोपून दुसऱ्या हाताच्या आधाराने तो उचलला, तर भार वाटला जातो आणि उभी रेषा ओलांडताच गुरुत्वाकर्षणच मदतीला येते. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेताना काही भार भिंत पेलते. बोटे पोहोचतील तेथे रोज पेन्सिलीने खूण केली की मापनही झाले.

मग एवढे सोपे व्यायाम कागदावर छापून दिले की पुरे, असा युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. ब्रिटनमधील १७ केंद्रांतील ३९२ स्त्रियांवरील ‘प्रॉस्पर’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाले. खांद्याचा त्रास होण्याचा धोका अधिक असलेल्या या स्त्रियांपैकी एका गटाला माहितीपत्रके मिळाली. दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीला शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवसांनी सुरू होणारा, भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालचा घरगुती व्यायाम मिळाला. वर्षाअखेरीस दुसऱ्या गटाच्या हाताचे कार्य सरस ठरले. व्यायामामुळे हातावर सूज वाढेल, ही भीतीही खरी ठरली नाही. खर्चाच्या हिशेबातही हाच मार्ग किफायतशीर निघाला. फरक घडवला तो पत्रकाने नव्हे, तर व्यायाम शिकवून पुन्हा पुन्हा विचारपूस करणाऱ्या माणसाने.

‘एवढे तज्ज्ञ आणायचे कोठून?’ हा आक्षेप गंभीर आहे. पण त्याचे उत्तर हात झटकणे नव्हे. व्यायाम ठरवणे आणि शिकवणे हे तज्ज्ञाचेच काम आहे. त्यानंतरच्या पाठपुराव्यासाठी मात्र आशा कार्यकर्तींचे जाळे देशात उभे आहे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना स्तनतपासणीसाठी पाठवणाऱ्या आशाताईंना प्रशिक्षण आणि योग्य मोबदला देऊन शस्त्रक्रियेनंतरही त्याच घरी पाठवता येईल. ही रचना भारतात कितपत यशस्वी ठरते, याची काटेकोर चाचणी करणे हे संशोधनच आहे, आणि त्यालाही निधी व मथळा मिळायला हवा.

रुग्ण जगली, एवढ्यावर यशाचा हिशेब पुरा होत नाही. भिंतीवरची ती पेन्सिलीची खूण किती वर सरकली, हेही त्यात मोजले गेले पाहिजे.