पत्त्यांच्या टेबलावर किंमत लिहा

अंदर-बाहर शिकायला एक मिनिट पुरते. डीलर कॅटमधले एक पान उघडून मधोमध ठेवतो. समजा, ती बदामाची सत्ती आहे. मग तो एक पान आत, एक बाहेर असे आळीपाळीने टाकत जातो आणि पुढची सत्ती कोणत्या बाजूला पडेल यावर आपले पैसे लागलेले असतात. सौदा बरोबरीचा वाटतो, पण तो तसा नाही. मधले पान काढल्यावर ५१ पाने उरतात आणि त्यांत सत्त्या असतात तीन. ज्या बाजूला पहिले पान पडते, त्या बाजूला सत्ती आधी येण्याची शक्यता ५१.५ टक्के असते, दुसऱ्या बाजूला ४८.५ टक्के. प्रचलित हिशेबात पहिल्या बाजूवर जिंकल्यास शंभराला नव्वद रुपये मिळतात, दुसऱ्या बाजूवर शंभराला शंभर. हे दोन आकडे एकत्र मांडले की पहिल्या बाजूवर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी सव्वादोन रुपयांच्या आसपास कॅसिनोकडे राहतात आणि दुसऱ्या बाजूवर तीन रुपये. शंभराला नव्वद हा एवढासा नियम म्हणजेच या खेळाची किंमत. ती गुप्त नाही, शाळेतल्या गणिताने काढता येते. तरीही खेळ शिकवणारा डीलर, हॉटेलातले माहितीपत्रक, मोबाइलवरचा ‘पाच मिनिटांत शिका’ छापाचा व्हिडिओ यांतले कोणी ती सांगत नाही.

खेळाचे नियम सांगणे आणि त्याची किंमत सांगणे ही दोन वेगळी कामे नाहीत. कोणत्या पानाची किती किंमत, कोण आधी पान घेणार, जिंकल्यावर किती मिळणार, हे सगळे नियम मिळूनच कॅसिनोचा वाटा ठरतो. जाणकार त्याला हाऊस एज म्हणतात. तो वाटा न सांगता ‘कसे खेळायचे’ शिकवणे हे अर्धवट शिकवणे आहे. ज्या राज्याने कॅसिनोला परवाना दिला आहे, त्या राज्याने प्रत्येक टेबलावर हा आकडा वाचता येईल अशा अक्षरांत आणि ग्राहकाला कळेल अशा भाषेत लिहायला लावले पाहिजे.

अनुभवाने माणूस शिकेलच की, असे कोणी म्हणेल. या बाबतीत अनुभव शिकवत नाही, उलट फसवतो. धरून चाला, एक जण तासभर अंदर-बाहर खेळला, साठ डाव झाले आणि दर डावाला त्याने पहिल्या बाजूवर हजार रुपये लावले. एकूण साठ हजार रुपये फिरले; त्यांवर सरासरी तोटा सुमारे तेराशे रुपये. पण साठ डावांत नशिबाचे चढ-उतार याच्या कितीतरी पट मोठे असतात. हिशेब केला तर असे खेळणाऱ्या दहांपैकी चार जण तासाअखेर फायद्यात उठतात. त्यांना वाटते, आपल्याला खेळ जमला. उरलेल्या सहांना वाटते, आज पाने वाईट होती. किंमत कोणालाच दिसत नाही, कारण ती एका तासात, एका रात्रीत, एका सहलीत दिसण्याजोगी नसतेच. ती कॅसिनोला दिसते. त्याच्याकडे दररोज हजारो डाव होतात आणि तिथे सरासरी कधी चुकत नाही. एका बाजूला पूर्ण माहिती आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ भास, असा हा व्यवहार आहे.

बाकारामध्ये तर हे फारच ठळकपणे दिसते. ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ असे दोन हात वाटले जातात. एक्क्याचा एक, दश्शी आणि चित्रांच्या पानांचे शून्य, बाकीच्यांचे जे आकडे असतील ते. बेरजेतला फक्त एकंस्थानचा आकडा धरायचा आणि नवाच्या जवळ जो हात जाईल तो जिंकला. तिसरे पान घ्यायचे की नाही, हे आधीच ठरलेले असते. खेळणाऱ्याने करायचे काम एकच, ते म्हणजे पैसे कशावर लावायचे हे ठरवणे. बँकरचा हात ‘प्लेअर’चे तिसरे पान पाहून खेळला जातो, म्हणून तो थोडा जास्त वेळा जिंकतो, आणि त्याची भरपाई म्हणून त्या जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के कापले जातात. एवढे करून बँकरवर कॅसिनोचा वाटा शंभराला १ रुपया ६ पैसे, प्लेअरवर १ रुपया २४ पैसे. आणि दोन्ही हात सारखे येतील, म्हणजे ‘टाय’, यावर एकाला आठ मिळत असले तरी वाटा १४ रुपये ३६ पैसे! एकाच टेबलावर, एकाच कापडावर, वीतभर अंतरावर छापलेल्या दोन चौकटींच्या किमतींत तेरा-चौदा पटींचा फरक आहे, आणि त्या कापडावर फक्त ‘एकास आठ’ हा मोहक आकडा छापलेला असतो.

त्याच टेबलाजवळ एक फलक मात्र झगमगत असतो. आधीच्या डावांत बँकर किती वेळा आला, प्लेअर किती वेळा, त्याच्या लाल-निळ्या रांगा त्यावर उमटतात. अनेक ठिकाणी नोंद ठेवायला कागद आणि पेन्सिलही फुकट मिळते. मागच्या डावांचा पुढच्या डावाशी बाकारामध्ये पैसे कमावण्याजोगा संबंध नसतो, हे कॅसिनो चालवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. ज्या माहितीचा उपयोग नाही ती माहिती भरपूर द्यायची आणि जिचा उपयोग आहे ती द्यायची नाही, ही या धंद्याची रीत मला सगळ्यात आक्षेपार्ह वाटते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप ब्लॅकजॅकवरून येतो: तिथे तर कौशल्य चालते, मग सगळ्यांना एकाच मापाने का मोजता? ब्लॅकजॅकचा इतिहास हाच माझा मुख्य पुरावा आहे. १९५६ साली रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून प्रत्येक स्थितीत पान घ्यावे की थांबावे याचा तक्ता तयार केला आणि तो संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. हा तक्ता पाळला तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा वाटा शंभराला अर्ध्या रुपयापर्यंत खाली येतो. पुढे गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी एमआयटीतल्या संगणकावर हे काम नेले आणि १९६२मध्ये पुस्तकातून दाखवले की वाटून झालेल्या पानांची मोजणी ठेवली तर पारडे खेळणाऱ्याकडेही झुकू शकते. कॅसिनोंनी काय केले? एप्रिल १९६४मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी ब्लॅकजॅकचे नियम कडक केले. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले. किंमत कळलेला ग्राहक दुकानदाराला किंमत कमी करायला लावू शकतो, हे या धंद्यात प्रत्यक्ष घडलेले आहे.

पण कौशल्याला किती वाव असतो, तेही पाहावे. पाने मोजणारा माणूस कोणतीही लबाडी करत नाही, तो फक्त लक्ष देतो. तरी नेवाडात कॅसिनो त्याला उठवून बाहेर काढू शकतो. न्यू जर्सीत १९८२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केन उस्टन यांच्या खटल्यात कॅसिनोला स्वतःहून अशी बंदी घालता येणार नाही असा निकाल दिला. मग एकाऐवजी सहा-आठ कॅट एकत्र पिसणे, अर्ध्यातच पुन्हा पिसणे असे उपाय वाढत गेले. सगळ्यात गुळगुळीत उपाय मात्र अलीकडचा आहे. एक्का आणि दहाच्या किमतीचे पान एकत्र आले की पूर्वी दोनास तीन मिळत. आता कित्येक टेबलांवर पाचास सहा मिळतात. ऐकताना सहा हा आकडा तिनापेक्षा मोठा वाटतो. प्रत्यक्षात हजाराच्या डावावर पंधराशेच्या जागी बाराशे हाती येतात आणि एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. सगळा तक्ता तोंडपाठ करून जे कमावले, त्यातले बरेचसे कापडावरच्या एका ओळीत गेले. कौशल्य असलेल्यालाही टेबलाची किंमत माहीत असणे म्हणूनच गरजेचे आहे.

आपल्याकडे तीन पत्ती घरोघरी खेळली जाते, दिवाळीत तर हमखास. सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. पण घरच्या तीन पत्तीत एकाचे गेलेले दुसऱ्याकडे येते. पैसा गोल बसलेल्या माणसांतच राहतो. अड्ड्यावर अड्डेवाला नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो आणि ती नाल किती हे बसण्याआधी सगळ्यांना ठाऊक असते. कॅसिनोत तीच तीन पत्ती डीलरविरुद्ध खेळवली जाते, वर जोडपैजा लावायला सुचवले जाते, आणि नाल देयकांच्या दरांत मुरलेली असते. घरी खेळून आलेल्या माणसाला वाटते, हा तर आपला नेहमीचा खेळ. इथेच तो सगळ्यात जास्त गाफील असतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. जुगाराची किंमत छापणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे. त्यापेक्षा बंदीच घाला. महाराष्ट्राने ती वाट धरली आहे: १९७६ला केलेला आणि कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३मध्ये रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून बंदी आणली. पण पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत, आणि ती परवान्याने उभी आहेत. गोवा सरकारने २०२०पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे जुगार खेळायला मज्जाव केला आहे. जी गोष्ट आपल्या माणसांसाठी घातक मानून दाराबाहेर ठेवली, ती पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून येणाऱ्यांना विकायला हरकत नसेल, तर निदान तिची किंमत सांगण्याचे कर्तव्य दुप्पट होते. सरकार स्वतः या व्यवहारात वाटेकरी आहे. कॅसिनोत चिप्स घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३पासून २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. बंदीची मागणी करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण बंदी येईपर्यंत रोज संध्याकाळी जे लोक बोटीत चढतात, त्यांना अंधारात ठेवण्याने बंदी जवळ येत नाही.

आकडे वाचून लोक जास्त हुशारीने जुगार खेळतील, अशीही भीती असते. महाभारतातल्या नलाची कथा इथे आठवते. पुष्कराशी द्यूत खेळून राज्य हरलेल्या नलाला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजून दाखवतो आणि अक्षविद्या शिकवतो. ती विद्या मिळताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. इतक्या जुन्या कथेत फाशांची विद्या आणि मोजणीची विद्या एकत्र नांदतात आणि झपाटलेपणावरचा उतारा म्हणून येतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नल पुढे पुन्हा खेळला आणि जिंकला, हे खरे. पण त्याच्यासमोर पुष्कर नावाचा माणूस होता, चुकू शकणारा. बाकाराच्या टेबलामागे चुकू शकणारे कोणी नसते. तिथे मोजणी शिकलेल्या माणसाच्या हाती जिंकण्याची युक्ती येत नाही, तोट्याचा दर येतो.

उरला सगळ्यात व्यावहारिक आक्षेप: पाट्या कोण वाचतो? सेबीने २०२३मध्ये शेअर दलालांना बंधन घातले की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये दहांपैकी नऊ वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा होतो ही सूचना लॉगिन करताच दिसली पाहिजे. तरी व्यवहारांचा पूर ओसरला नाही, आणि सेबीला २०२४मध्ये आणखी कडक उपाय करावे लागले. सूचनेने सगळे थांबतील असा दावा म्हणूनच मी करत नाही. पण ‘दहांपैकी नऊ हरतात’ ही भीती घालणारी सूचना आहे. माणूस स्वतःला दहावा समजतो आणि पुढे जातो. किमतीची पाटी वेगळी असते. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली कमाल किंमत कोणाला बिस्किट खाण्यापासून रोखत नाही, पण जास्त मागणाऱ्या दुकानदाराला सगळे ओळखतात. टायच्या चौकटीत ‘दर शंभरामागे १४ रुपये’ आणि शेजारी ‘दर शंभरामागे १ रुपया’ लिहिले, तर ज्याला खेळायचेच आहे तोही हात आखडता घेईल. ब्रिटनमध्ये गेमिंग मशिनवर परताव्याचे प्रमाण दाखवण्याचे बंधन आहे आणि म्हणून तिथली मशिने बंद पडलेली नाहीत.

गोवा सरकारला अशा पाट्यांसाठी मोठा कायदा करावा लागणार नाही. परवान्याच्या अटींत भर घालता येते. प्रत्येक टेबलावर प्रत्येक पैजेपुढे शंभर रुपयांमागे कॅसिनोचा सरासरी वाटा. ताशी साधारण किती डाव होतात आणि किमान पैजेने तासाला सरासरी किती रुपये जातात. चिप्सच्या खिडकीवर कराची रक्कम वेगळी. आणि हे सगळे मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड, गुजराती व इंग्रजीत. देयकांचा दर बदलला, दोनास तीनचे पाचास सहा झाले, की त्याच दिवशी पाटीही बदलली पाहिजे, आणि ती तपासण्याचा अधिकार कॅसिनोबाहेरच्या यंत्रणेकडे हवा. नव्या ग्राहकाला खेळ शिकवणाऱ्या डीलरने नियमांच्या जोडीने हा आकडा तोंडी सांगावा, अशी अट घालायलाही काही खर्च येत नाही.