उशीने नव्हे, पलंगाने डोके वर

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे डोके वर ठेवा, असे सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. मग घरून आणलेल्या दोन उशा रुग्णाच्या मानेखाली सरकवल्या जातात. हनुवटी छातीला टेकते आणि नातेवाइकांना हायसे वाटते. नेमके हेच करायचे नसते.

कवटी ही बंद पेटी. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. त्यातले एक वाढले की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. स्कॉटलंडच्या मन्रो आणि केली या डॉक्टरांनी हे दोनशे वर्षांपूर्वीच मांडले. रक्ताची गाठ किंवा सूज आली की सुरुवातीला पाणी आणि शिरांमधले रक्त बाहेर सरकून दाब सांभाळला जातो. ही सोय संपली की थोड्याशा वाढीनेही तो भराभर चढतो. आडव्या पडलेल्या निरोगी प्रौढाच्या कवटीतला दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर असतो; डोक्याच्या गंभीर दुखापतीत तो २२ च्या वर गेला की उपचार करावेत असे मानले जाते.

अशा वेळी मेंदूतले रक्त खाली उतरवणाऱ्या मानेच्या शिरा मोकळ्या हव्यात. त्यासाठी पलंगाचाच वरचा भाग सुमारे ३० अंश उचलायचा, म्हणजे पाठ, मान आणि डोके एका रेषेत राहते. उशीने मान दुमडते, एका बाजूला कलली तरी शिर दबते. घशातली नळी बांधलेली फीत करकचून आवळली असेल तरी तेच. रुग्ण घसरून पलंगाच्या मध्यभागी गोळा झाला तर पोटावरचा दाबही यात भर घालतो.

पक्षाघाताच्या ११,०९३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आडवे ठेवणे व डोके वर ठेवणे यांत ९० दिवसांनंतरच्या अपंगत्वात फरक दिसला नाही. यात भारतातले रुग्णही होते. पण त्यातले बहुतेक गुठळीने रक्तपुरवठा तुटलेले होते, रक्तस्रावाचे थोडेच. त्यावरून कवटीतला दाब चढलेल्या रुग्णालाही स्थितीने फरक पडत नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल.

उलट अतिउत्साहही नको. डोके उचलल्यावर मेंदूला पोचणाऱ्या रक्ताचा दाबही थोडा उतरतो. रक्तदाब आधीच कमी असेल तर डॉक्टर पलंग खाली करतात. कवटीखाली साचलेले जुने रक्त काढल्यावर तर अनेक शल्यचिकित्सक रुग्णाला काही काळ सपाटच ठेवतात. म्हणजे हा कोन औषधाच्या मात्रेसारखा आहे, आणि केसपेपरवर नुसते ‘डोके वर’ लिहिणे म्हणजे ‘थोडी गोळी द्या’ लिहिण्यासारखे. किती अंश, किती वेळ आणि कोणी बदलायचे, हे लिहायलाच हवे. त्याला पैसा लागत नाही.

मेंदूतले पाणी बाहेर काढणारी नळी असेल तर धोका आणखी वाढतो. नळीची पातळी कानाच्या उंचीशी जुळवलेली असते. भेटायला आलेल्यांशी बोलता यावे म्हणून कुणी पलंगाची दांडी चार फेरे फिरवली, तर डोके वर जाते, नळी तिथेच राहते आणि पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जाते. आधी नळी बंद करणे आणि मग पातळी पुन्हा लावणे हे परिचारिकेचे काम. दांडीला हात लावू नका, हे मात्र नातेवाइकांना पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवे.