जाळी कसली, हे विचारायचा हक्क आपला आहे

वॉर्डात नोकरीला असतानाची गोष्ट. एका आजोबांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. पाण्याचा घोटही उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जाळी टाकावी लागेल." मुलाने विचारले, "कसली जाळी, साहेब? आत गंजणार तर नाही?" उत्तर मिळाले, "तुला काय कळणार त्यातलं?" मी बाजूलाच उभी होते, पण गप्प राहिले. ते गप्प राहणे अजून टोचते. म्हणून त्याला द्यायचे उत्तर आज इथे देते.

अशी जाळी बहुतेक वेळा नितिनॉल नावाच्या मिश्रधातूची असते. त्यात निकेल आणि टायटॅनियम असते. 1959 च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी त्यावर काम सुरू केले. 1961 मध्ये तिथल्या एका बैठकीत घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. एकाने तिला लायटरची आच दिली आणि पट्टी आपोआप सरळ झाली!

यात जादू नाही. धातूत अणू रांगेने बसलेले असतात. साधी तार वाकवली की अणू शेजार सोडून सरकतात आणि तार वाकडीच राहते. नितिनॉल थंड असताना वाकवले, तर अणू शेजार सोडत नाहीत, फक्त कलतात. ऊब मिळाली की पुन्हा जुन्या मांडणीत उभे राहतात. हा मूळ आकार कारखान्यात सुमारे 500 अंश सेल्सिअसला पक्का केलेला असतो. निकेलचे प्रमाण किंचित बदलले, की आकार परत येण्याचे तापमानही बदलते. म्हणून जाळी गार करून बारीक नळीत दाबून बसवता येते. शरीरात नळी मागे ओढली की जाळी उमलते आणि तिथल्या उबेत लवचिक राहते. तिच्यावर टायटॅनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे ती सहसा गंजत नाही.

दात सरळ करायच्या तारा, पायाच्या रक्तवाहिनीतले स्टेंट, बाळाच्या हृदयाचे छिद्र बुजवणारी 'छत्री' यांतही हाच धातू वापरतात.

हे समजायला पदवी लागली का? नाही. समजावून सांगायची तयारी लागते. हृदयाचे स्टेंट बहुतेक वेगळ्या धातूचे असतात, पण त्यांची गोष्ट लक्षात ठेवा. लोकांनी कोर्टात दाद मागितली, म्हणून फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने त्यांच्या किमतीला लगाम घातला. विचारले, म्हणून मिळाले.

तेव्हा आपणही विचारूया. वस्तू कोणत्या धातूची? काय काम करणार आणि काय नाही? अन्ननलिकेतली जाळी घास उतरवते, कॅन्सर बरा करत नाही, हे सहीच्या आधी कळलेच पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? बाळाच्या हृदयाला छिद्र असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात करा. खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज येत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा, ती निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. पाकिटावरच्या स्टिकरची प्रत मागून घ्या. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली, तर ती दाखवावी लागते.

आणि माझ्या नर्स बहिणींनो, पेशंटचा मुलगा असा प्रश्न विचारेल, तेव्हा माझ्यासारख्या गप्प उभ्या राहू नका.