ऐकणाऱ्याचे यंत्र कसे असावे?

आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळाने यंदा एक रेडिओ-स्कॅनर विकत घ्यावा असा विचार चालविला आहे. तो कोणता घ्यावा ह्या प्रश्नावर शिक्षकांच्या खोलीत जितकी डोकी तितकी मते पडली. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा आम्ही ह्या विषयात तोंड घालू नये असा एक सूर निघाला. परंतु यंत्र कसे चालते हे सांगणे निराळे आणि ते वापरणाऱ्यास कसे वाटते हे सांगणे निराळे. दुसऱ्या गोष्टीचा अधिकार ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला आहे. शिवाय गेली काही वर्षे सुट्टीत धार आणि देवास येथील हौशी मंडळींत आमची ऊठबस झाली आहे आणि ह्याच विषयावरचे त्यांचे वाद आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. त्या बळावर चार शब्द लिहीत आहोत.

ज्या विद्यार्थ्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. घरच्या रेडिओत आपण एक केंद्र लावतो आणि ऐकत बसतो. स्कॅनर मात्र आपण नेमून दिलेल्या अनेक वारंवारता एकामागून एक तपाशीत जातो. जेथे कोणी बोलत असेल तेथे थांबतो, बोलणे संपले की पुढे निघतो. रात्रीची गस्त घालणारा जागल्या प्रत्येक दाराला हात लावून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. प्रारंभीच्या, म्हणजे १९७० च्या सुमाराच्या स्कॅनरांत प्रत्येक वारंवारतेसाठी स्फटिकाचा एक वेगळा तुकडा बसवावा लागे. आठ ठिकाणे ऐकावयाची तर आठ स्फटिक विकत आणावयाचे. पुढे अमेरिकेतील 'बेअरकॅट'सारख्या यंत्रांनी स्फटिकांची ही कटकट घालविली. आता शेकडो, हजारो वारंवारता एका मुठीत मावणाऱ्या यंत्राच्या स्मरणात राहतात. स्मरण वाढले, आणि त्याबरोबर मतभेदही वाढले.

धार-देवासच्या मंडळींत दोन तट आहेत आणि त्यांना नावे देण्याचे काम इतिहासानेच करून ठेविले आहे. देवासला पवारांच्या दोन गाद्या होत्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. गाव एकच, पण राज्ये दोन. १९४८ साली दोन्ही राज्ये मध्यभारतात विलीन झाली तरी हे शब्द मराठी घरांतून अद्याप गेलेले नाहीत. तेव्हा ज्यांना हातात धरावयाचा, बटणे असलेला, स्वतंत्र स्कॅनर हवा ते झाले 'थोरली पाती'. आणि ज्यांना संगणकाला जोडावयाची लहानशी कांडी पुरेशी वाटते ते 'धाकटी पाती'. ही कांडी मुळात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी निघाली होती. रिअलटेक कंपनीच्या चिपवर चालणारी ही स्वस्त वस्तू फार मोठ्या पट्ट्यातल्या लहरी पकडू शकते हा शोध २०१२ साली हौशी लोकांत पसरला आणि हजारो रुपयांचे काम शेकड्यांत होऊ लागले. धाकट्या पातीचा उत्साह त्यामुळे थोरल्या पातीला जरा झोंबतो, हे येथे नमूद केलेले बरे.

आता यंत्राचे गुण कोणते मानावे? ह्या प्रश्नाचे एक उत्तर धारेलाच सापडते, आणि ते सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहे. धारेच्या भोजराजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४ व १९२५ साली दोन भागांत छापला गेला. घरे, नगरे, प्रासाद ह्यांविषयीच्या त्या ग्रंथात एक अध्याय केवळ यंत्रांचा आहे आणि त्यात चांगल्या यंत्राच्या गुणांची लांबलचक यादी आहे. यंत्राचे सांधे नीट जुळलेले असावेत. ते हलके असावे. ढिले नसावे पण घट्टही नसावे. चालताना अडखळू नये. पाहिजे त्या वेळी पाहिजे ते काम त्याने करावे. पुष्कळ काळ टिकावे. आणि सर्वांत मार्मिक गुण हा की यंत्राने आवाज करू नये, पण आवाज काढणे हेच ज्याचे काम असेल त्याने तो भरपूर काढावा.

संस्कृताच्या तासाला हा मजकूर आमच्या डोळ्यांखालून गेला असता तर आम्ही पुढे निघून गेलो असतो. देवासच्या एका गच्चीवर, हातात स्कॅनर असताना, तो आठवला तेव्हा त्याचा अर्थ लख्ख कळला. स्कॅनरावर 'स्क्वेल्च' नावाची एक सोय असते. कोणी बोलत नसताना जी अखंड खरखर ऐकू येते ती ह्या सोयीने बंद होते. संदेश आला की दार उघडते, संपला की मिटते. ही सोय ज्या यंत्रात चांगली साधली आहे ते तासन्‌तास उशाशी ठेवता येते. जेथे साधलेली नाही तेथे अर्ध्या तासात डोके उठते. आणि कित्येक महागड्या यंत्रांत सारी करामत असूनही ध्वनिक्षेपक मात्र चिमणीच्या चोचीएवढा! संदेश पकडला खरा, पण तो ऐकावयाला कान यंत्राला चिकटवावा लागतो. भोजराजाने असले यंत्र परत पाठविले असते.

'ढिले नसावे, घट्ट नसावे' ह्या गुणाची परीक्षा बटणावर होते. आमचे मत येथे उघड उघड थोरल्या पातीकडे आहे. आवाजाला एक फिरते बटण आणि स्क्वेल्चला एक फिरते बटण, ही दोन तरी प्रत्येक यंत्रावर असलीच पाहिजेत. रेडिओचा कान पिळणे हा मराठी वाक्प्रयोग उगीच झालेला नाही. अलीकडच्या यंत्रांत स्क्वेल्च कमीजास्त करावयाचा तर आधी एक कळ दाबा, मग यादी उघडा, यादीतून खाली उतरा, आकडा बदला, परत वर या. इतके होईपर्यंत बोलणारा बोलून मोकळा झालेला असतो. आमचे घर कोंकणी, समुद्रकाठचे. मासेमारीच्या बोटींवर बिनतारी संच असतात, आणि संकटाच्या हाकेसाठी १५६.८ मेगाहर्ट्झ ही वारंवारता जगभर राखून ठेवलेली आहे. ओल्या हाताने, हलत्या बोटीत, अंधारात जे यंत्र चालविता येते त्यालाच तेथे किंमत आहे. शाळेतील मुलांचे हात ओले नसतील, पण खडूने भरलेले असतातच.

चपळाईविषयी मात्र आमचे मत पुष्कळांना रुचणार नाही. 'सेकंदाला शंभर वारंवारता तपासतो' अशी जाहिरात वाचून मुलांचे डोळे विस्फारतात. पण संभाषण म्हणजे प्रश्न आणि उत्तर. प्रश्न ऐकून यंत्र तत्काळ पुढे धावले तर उत्तर हुकते. म्हणून संदेश संपल्यावर दोनएक सेकंद तेथेच रेंगाळण्याची सोय चांगल्या यंत्रात असते, आणि आम्हांस वेगापेक्षा ह्या रेंगाळण्याचे मोल अधिक वाटते. १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे कुमार गंधर्व देवासला आले. गाणे बंद, अंथरुणावर पडून राहणे भाग. त्या काळात त्यांच्या कानांवर मालव्याची लोकगीते पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गायनात ती उतरली. त्या गावात बसून घाईने ऐकण्याचे कौतुक आमच्याने होत नाही.

एक दोष असा आहे की तो दुकानात दिसत नाही, घरी आणल्यावर कळतो. पुष्कळ स्वस्त यंत्रांत आलेली लहर आधी १०.७ मेगाहर्ट्झ ह्या ठराविक वारंवारतेवर आणून मग वाढविली जाते. त्यासाठी यंत्र स्वतः एक लहर निर्माण करते. समजा, आपण ११९.४ वर यंत्र लावले. आतली लहर १०८.७ ची. ह्या दोहोंतील अंतर १०.७. पण १०८.७ च्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर ९८.० आहे आणि तेथे एखादे जोरदार एफ.एम. केंद्र असेल तर तेही चोरवाटेने आत शिरते! विमानतळाच्या पट्ट्यात सिनेमाची गाणी वाजू लागतात ती अशी. विद्यार्थ्यांनी वहीत ही बेरीज-वजाबाकी करून पाहावी. चांगल्या रचनेत पहिली पायरीच फार उंच वारंवारतेवर ठेवून ही चोरवाट दूर नेलेली असते. इंदूरसारख्या शहराजवळ राहणाऱ्यांना हा गुण स्मरणाच्या हजार खान्यांहून अधिक उपयोगी पडतो. विक्रेते मात्र खान्यांचीच संख्या मोठ्या अक्षरांत छापतात.

धाकट्या पातीची बाजूही ऐकली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर लहरींचा सारा पट्टा एकाच वेळी पसरलेला दिसतो. जेथे कोणी बोलते तेथे तेजस्वी रेघ उमटते आणि धबधब्यासारखी खाली सरकत जाते. जे वर्गात शब्दांनी समजावून सांगता येत नाही ते मुलाला एका दृष्टिक्षेपात कळते. ह्या एका गोष्टीसाठी ती कांडी शाळेत असावी असे आम्हांस वाटते. तिचा कमकुवतपणा हा की ती लहरीचे माप अवघ्या २५६ पायऱ्यांत घेते. शेजारी जोरदार केंद्र असले की क्षीण आवाज त्याखाली चिरडला जातो. शिवाय ती कांडी, तिची तार, संगणक आणि संगणकाला वीज, एवढा संसार टेकडीवर नेणे अवघड. आणि डोळे कामाला लागले की कान आळसावतात, ही थोरल्या पातीची तक्रार अगदीच पोकळ नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही भोजराजाशी असहमत आहोत. यंत्रे घडविण्याची सविस्तर कृती आपण दिलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी, असे त्या अध्यायात सांगितले आहे. राजाला ते शोभले असेल. शाळेला शोभत नाही. जुन्या रेडिओंच्या पाठीमागच्या फळीवर आतून पुष्कळदा सर्किटाचा नकाशाच चिकटविलेला असे, आणि गल्लीतला दुरुस्ती करणारा तो पाहून काम करी. आजचा स्कॅनर म्हणजे चिकटवून बंद केलेली डबी. त्याचे सेलदेखील काही कंपन्यांच्या यंत्रांत खास घडणीचे. ते गेले की धारेच्या बाजारात मिळावयाचे नाहीत. जो बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या पेन्सिल-सेलवर चालतो तोच आम्ही घेऊ.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परदेशी मासिकांत ज्या यंत्रांची स्तुती येते, उदाहरणार्थ युनिडेनचे २०१८ साली निघालेले 'एसडीएस १००', ती अमेरिकेतील पोलीस व अग्निशामक दलांची अंकीय यंत्रणा ऐकता यावी म्हणून घडविलेली आहेत. त्या लोकांत अशा ऐकण्याचा रिवाज आहे. आपल्याकडे तो नाही, आणि नसावा हेच आमचे मत. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय असले यंत्र बाळगण्यालाच मनाई केली होती. जुन्या पिढीने तर घरच्या रेडिओसाठीही पोस्टात परवान्याचे पैसे भरले आहेत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे. पण कायदा बाजूस ठेविला तरी दुसऱ्याच्या दाराला कान लावण्याची सवय आम्ही विद्यार्थ्यांना लावू इच्छीत नाही. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी परवान्याची चौकशी लेखी करावी, आणि जे सर्वांसाठी बोलले जाते तेवढेच ऐकावे, असा आमचा आग्रह आहे.

तेवढे काय थोडे आहे? आकाशवाणीची केंद्रे आहेत. इंदूरचे केंद्र १९५५ पासूनचे आहे. परीक्षा देऊन परवाना मिळविलेले हौशी प्रसारक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांशी बोलतात; २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून बातम्या बाहेर पोचविण्यात अशा हौशी लोकांचा हात होता. आणि आकाशात सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जाते, त्यावरील अंतराळवीर शाळांतील मुलांच्या प्रश्नांना १४५.८०० वर उत्तरे देतात. स्थानक मालव्यावरून जात असताना दहाएक मिनिटेच ऐकू येते. येताना त्याची वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास वर सरकलेली असते, जाताना तेवढीच खाली; म्हणजे यंत्राची पावले बारीक हवीत. पाचाच्या पावलाने चालणारे यंत्र येथे लंगडते, अडीचाचे चालते.

तेव्हा आमची शिफारस अशी : दोन बटणांचा, साध्या सेलांचा, बारीक पावलांचा एक मध्यम किमतीचा हाती धरावयाचा स्कॅनर, त्याच्या जोडीला एक कांडी, शाळेत असलेल्या संगणकासाठी, आणि 'एसडीएस'चा विचार सोडून जे पैसे वाचतील त्यांतून ग्रंथालयासाठी एक कपाट. एरियल मात्र विकत घेऊ नये. १४५.८ मेगाहर्ट्झची लहर सुमारे दोन मीटर सहा सेंटीमीटर लांब. तिचा चौथा हिस्सा ५१ सेंटीमीटर. तितक्या लांबीच्या तांब्याच्या पाच तारा, एक उभी आणि चार खाली तिरप्या, ही नववीच्या मुलांना एका दुपारचे काम आहे. तारांचे माप गणिताच्या शिक्षकांनी तपासावे, डाग देण्याचे काम विज्ञानशिक्षकांनी पाहावे, आणि गच्चीवर चढताना शिडी धरावयास आम्ही आहोतच.