सशाची वाढ आणि औषधाची घाई
ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूरकडे कोंबडीपालन रुजले आहे. कल्याण-डोंबिवलीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर पाहून ससेपालनाकडे वळणाऱ्याने वाढीसाठी प्रतिजैविके चारण्याची सवय मात्र सोबत नेऊ नये. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिनचा वापर केंद्राने जुलै २०१९ मध्येच बंद केला. सशाच्या बाबतीत धोका अधिक थेट आहे. त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत जिवाणू चाऱ्यातील तंतू आंबवतात. तेथून आलेली मऊ विष्ठा ससा पुन्हा खातो आणि प्रथिने, ब-जीवनसत्त्वे मिळवतो. (किळस वाटेल, पण वाढीचे गणित तेथेच आहे.) पेनिसिलिन तोंडावाटे दिल्यास हे जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि ससा हगवणीने दगावू शकतो. पिलांचे दूध तुटल्यावर गवत कमी नि धान्य जास्त झाले, तरीही आतड्याचा हाच समतोल ढासळतो.