विश्लेषण : पुण्यातील अफगाण विद्यार्थ्यांना निव्वळ समुपदेशन पुरेल?

तालिबानने १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलचा ताबा घेतला, तेव्हा पुण्यातील महाविद्यालयांत अनेक अफगाण तरुण-तरुणी शिकत होते. मायदेशी परतण्याची वाट त्यांच्यासाठी एकाएकी धोक्याची झाली. कागदोपत्री मात्र ते आजही ‘परदेशी विद्यार्थी’च आहेत. त्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न नेमका इथेच अडतो.

निर्वासित की विद्यार्थी?
भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रमाशी बांधलेला असतो. त्यामुळे पदवी मिळण्याचा आनंद होण्याऐवजी ‘आता पुढे काय?’ ही धास्ती वाढते. तालिबानने डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. परतणे म्हणजे शिक्षणावर पाणी सोडणे, हे त्या मुलींना ठाऊक आहे. दिल्लीतील अफगाण दूतावासानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये काम थांबवले.

असा प्रत्येक जण आजारी असतो का?
नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार, संघर्षग्रस्त भागात सुमारे पाचपैकी एकाला मानसिक आजार असतो. इतरांना झोप न लागणे, घरच्यांची काळजी, अभ्यासात लक्ष न लागणे असे त्रास होऊ शकतात. म्हणूनच आपत्तीतील मानसिक आधाराविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत चार थर मांडले आहेत. सर्वात खाली सुरक्षितता व मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत आणि टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. पायाच डळमळीत असेल, तर वरचा उपचार टिकत नाही.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ हा अधिकार ‘प्रत्येक व्यक्ती’ला देते, नागरिकत्वाची अट घालत नाही. कलम २३ गोपनीयतेची हमी देते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले.

मग अडते कुठे?
भाषा आणि विश्वास इथे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास सुरू असते, पण तिची रचना भारतीय भाषांभोवती आहे. दुःख मात्र दारी किंवा पश्तोतच मोकळे होते. शिवाय, व्हिसासाठी बोनाफाइड देणारे आणि समुपदेशन करणारे एकाच कार्यालयात बसत असतील, तर मन मोकळे कोण करणार?

महाराष्ट्राला हे नवे आहे का?
अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. छावणीत पोलिश भाषेतील शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. आज ज्याला समाजाचा आधार म्हणतात, तो हाच.

काय करता येईल?
महाविद्यालयांना तीन गोष्टी लगेच करता येतील. समुपदेशन कक्ष प्रशासकीय कार्यालयापासून वेगळा ठेवावा. ज्येष्ठ अफगाण विद्यार्थ्यांना मानसिक प्रथमोपचाराचे आणि दुभाषाचे प्रशिक्षण मानधनासह द्यावे. घरून पैसे येण्यात अडचण असेल, तर शुल्काला मुदतवाढ द्यावी आणि व्हिसाची कागदपत्रे वेळेत तयार करावीत. यातील शेवटचे काम समुपदेशनाचे वाटणार नाही. पण ज्याला पुढच्या महिन्यात कुठे राहायचे हेच माहीत नाही, त्याला ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगून भागत नाही. पुणे स्वतःला विद्येचे माहेरघर म्हणवते. परतायला घर नसलेल्यांच्या बाबतीत त्या शब्दाची खरी कसोटी आहे.